प्रतिसाद: लंडनचा सहावा क्रमांक

अपेक्षाच ठेवली नाही म्हणजे निराशा होत नाही, हे वरील एका सदस्यांचे मत मला पटत नाही. त्याने दुःख कदाचित टळेल, पण प्रयत्नातला जीवही जाईल. कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचा उल्लेख येथे झाला, मात्र त्याआधीचे १९४८ चे लंडन राहून गेले. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते तेथे गेले आणि फ्लायवेट या सर्वांत हलक्या वजनगटात सहावे आले. ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीत घडलेल्या मल्लाला मॅटवरची कुस्ती नवखी होती. उणीव अशी नेमकी कळली, की पुढच्या चार वर्षांच्या मेहनतीला दिशा मिळते. हेलसिंकीला ते वरच्या, बँटमवेट वजनगटात उतरले.

मात्र ही उणीव निकालाच्याच संध्याकाळी शोधू नये, असे मला वाटते. आमच्या पेठेतल्या तालमीत हरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे आखाड्यातला मातीचा हौदा खणतो. वस्ताद तेव्हा कालच्या कुस्तीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. जोर-बैठका उरकल्यावर, अंग तापलेले असताना, त्याला समोर उभे करून पट (पाय धरून पाडण्याचा डाव) कसा निसटला ते दाखवतात.