नाव कोल्हापूरचे, सामने गहुंज्यात : संघ विकला गेला तर शहराच्या हाती काय राहते?

रंकाळ्याकाठचा (धागाकर्ता)

एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ 2019 साली बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली. त्याच हैदराबाद एफसीने 2021-22 च्या मोसमाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून केरळ ब्लास्टर्सविरुद्धची ती अंतिम लढत आपल्यापैकी अनेकांनी घरचे कार्य असल्यासारखी पाहिली. पुढे 2025 साली हैदराबादचा संघही दिल्लीला हलवला गेला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. सहा वर्षांत एकच जागा तीन शहरांत फिरली. पुण्यातील ज्या प्रेक्षकांनी बालेवाडीच्या मैदानावर पाच मोसम घसा कोरडा केला होता, त्यांना या फिरण्यात कोणी एका शब्दाने विचारल्याचे दिसत नाही.

हा विषय आज मांडण्याचे कारण जवळचे आहे. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये 2023 पासून कोल्हापूर टस्कर्स हा संघ आहे. त्याची मालकी पुण्यातील उद्योगसमूहाकडे आहे आणि पहिल्या वर्षीचे सर्व सामने पुण्याजवळच्या गहुंज्यात झाले. केदार जाधवच्या नेतृत्वाखाली हा संघ त्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचला. मालकांनी काही गैर केले असे मला अजिबात म्हणायचे नाही. लिलावात ज्याची बोली मोठी, त्याला संघ मिळाला. माझा प्रश्न पुढचा आहे. उद्या हा किंवा असा कोणताही संघ विकला गेला आणि नव्या मालकाने त्याचे नाव दुसऱ्या गावाचे ठेवले, तर कोल्हापूरचा त्या व्यवहारात काही हक्क आहे की नाही?

अमेरिकेत या हक्काला पैशात मोजण्याची जुनी रीत आहे, पण ती नीट पाहिली की मन विषण्ण होते. न्यूयॉर्क नेट्स हा बास्केटबॉल संघ 1976 साली एनबीए या तिथल्या मुख्य लीगमध्ये दाखल झाला, तेव्हा शेजारच्या न्यूयॉर्क निक्स संघाच्या हद्दीत येत असल्याबद्दल त्याला निक्सच्या मालकांना 48 लाख डॉलर देणे भाग पडले. लीगचे प्रवेशशुल्क वेगळेच होते. हे ओझे पेलण्यासाठी नेट्सने आपला सर्वोत्तम खेळाडू ज्युलियस अर्व्हिंग फिलाडेल्फियाला 30 लाख डॉलरना विकला. म्हणजे हद्दीची किंमत शेजारच्या मालकाला मिळाली आणि ती वसूल झाली प्रेक्षकांच्या आवडत्या खेळाडूला विकून. सेंट लुईसचा रॅम्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ 2016 साली लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा ठरलेले 55 कोटी डॉलरचे स्थलांतर शुल्कसुद्धा लीगमधील इतर संघमालकांमध्ये वाटले जाणार होते. ज्या शहराने असा संघ यावा म्हणून लोकांच्या पैशातून बंदिस्त स्टेडियम बांधले होते, त्या शहराचा या वाटणीत हिस्सा नव्हता.

हद्दीचे शुल्क असावे, परंतु ते हद्दीत राहणाऱ्यांना मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य पातळीवरील लीगने प्रत्येक संघाच्या करारात असे लिहावे की गावाचे नाव आणि रंग त्या गावापाशीच राहतील, संघ विकला गेल्यास किमतीचा ठरावीक भाग त्या जिल्ह्यातील मैदानांवर खर्च होईल आणि दर मोसमात काही सामने, निदान सराव सामने, त्या गावात होतील. आपली मते वाचण्यास उत्सुक आहे.

हिशेबनीस, राजारामपुरी

दादा, तुमची तळमळ पोहोचली, तरीही मी विरोधात आहे.

पहिली गोष्ट अशी की शुल्क कोणाच्याही नावाने लावले, तरी विकत घेणारा ते आपल्या बोलीतून वजा करतो. आज जो संघ दहा रुपयांना जाईल, त्यावर दोन रुपयांचे गावशुल्क लावले तर तो आठ रुपयांना जाईल. लीगच्या तिजोरीत दोन रुपये कमी येतील, आणि त्याच तिजोरीतून जिल्ह्यांच्या निवड चाचण्या, पंच आणि खेळपट्ट्या यांचा खर्च भागत असेल, तर आपण एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले एवढेच होईल.

दुसरी गोष्ट तोट्याची आहे. सहाराने 2010 साली पुण्याच्या आयपीएल संघासाठी 37 कोटी डॉलरची बोली लावली आणि 2013 साली ते बाहेर पडले. हैदराबादचा डेक्कन चार्जर्स 2012 साली रद्द झाला आणि त्या जागी सन टीव्हीने नवा संघ घेतला. कोचीचा संघ तर एकच मोसम टिकला. या तिन्ही प्रसंगांत मालकांचे हात पोळले. पुणे, हैदराबाद किंवा कोची यांपैकी कोणत्याही शहराने आपल्या गाठीचा रुपया त्या तोट्यात घातला नाही. नफ्यात वाटा हवा असेल, तर तोट्यातही वाटा घेण्याची तयारी हवी. कोल्हापूर ती दाखवणार आहे का?

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण मी ती मनापासून लिहितो आहे. प्रेक्षकांची निष्ठा मैदानाच्या कुंपणाला बांधलेली नसते. 2018 साली कावेरी पाणीप्रश्नाच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंज्यात हलवावे लागले, तेव्हा चेन्नईहून खास रेल्वेगाडीने पाठीराखे पुण्यात आले होते. त्याआधी 2016 साली दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला जाऊन खेळला. प्रत्येक स्थलांतरामागे लोभ असतो असे नाही. आणि आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 साली काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या, त्या महाराष्ट्राच्या संघाकडून आणि पुण्याच्या मैदानावर. त्या धावांचा अभिमान कोल्हापूरला तसूभरही कमी वाटत नाही. आपल्या मुलांना खेळायला संघ हवा. तो कोणत्या गावात खेळतो हा दुय्यम प्रश्न आहे.

जुना प्रेक्षक, मंगळवार पेठ

दोघांचेही म्हणणे वाचले. दोघेही संघ ही विकत घेण्याची वस्तू आहे असे धरून चालले आहेत, आणि माझे मन तिथेच अडते.

मी लहानपणापासून शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहत आलो आहे. आपल्याकडे संघ तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा असतो. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी ही नावे उच्चारली की पेठ आणि गल्ली आपोआप डोळ्यांसमोर येते. तालमीत गणपती बसतो, तिथेच मोसमाआधी वर्गणी गोळा होते, तिथेच जिंकल्यावर गुलाल उधळला जातो आणि हरल्यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. तालमीचा संघ दुसऱ्या पेठेला विकता येत नाही, कारण विकणार कोण आणि विकणार काय? जर्सीचा रंग विकला, तर कट्ट्यावर बसलेल्या माणसांचे काय करायचे?

आमच्याकडे सगळे सोवळे आहे असा माझा दावा नाही. खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत जातात, त्यामागे पैसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. परदेशी खेळाडूही आमच्या मैदानावर खेळून गेले आहेत. आमच्या तालमीने वाढवलेला एक गुणी बचावपटू ऐन मोसमाआधी दुसरीकडे गेला, तेव्हा त्याच्या आईला तालमीसमोरून जाताना मान खाली घालावी लागली, हे मी पाहिले आहे आणि ते मला आजही चुकीचे वाटते. मैदानावरची ईर्ष्या कधी कधी दगडांपर्यंत गेली, त्याची लाज वाटते. परंतु खेळाडू गेला तरी संघ जागेवर राहिला, हा फरक लहान नाही.

इंग्लंडमध्ये विम्बल्डन हा फुटबॉल संघ 2003 साली मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावी नेला गेला. स्थलांतराला परवानगी मिळताच, म्हणजे 2002 सालीच, त्याच्या पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा संघ उभा केला आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात करून 2020 साली तो प्लाउ लेन या आपल्या मूळ परिसरात परत आणला. अमेरिकेतच ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1923 पासून गावकऱ्यांच्या भागीदारीत आहे, आणि मोठमोठ्या महानगरांचे संघ हलले तरी एवढ्याशा गावाचा तो संघ कुठेही गेला नाही. हिशेबनीस साहेब, तोट्यात वाटा घ्यायची तयारी आहे का असे आपण विचारलेत. पेठा तो वाटा दरवर्षी वर्गणीच्या रूपाने घेतच आल्या आहेत. म्हणून माझा विरोध धागाकर्त्याच्या मागणीलाच आहे. शुल्क मागणे म्हणजे संघ हलवण्याचा हक्क आपण मान्य केला आणि फक्त त्याची किंमत ठरवत बसलो, असे होते.

कलमवाली, ताराबाई पार्क

मी वकिली करते, म्हणून कागदाच्या बाजूने लिहिते. काका, आपला प्रतिसाद वाचताना मन भरून आले, परंतु टस्कर्ससारखा संघ तालमीतून उगवलेला नाही. तो करारातून जन्मला आहे आणि करारानेच बांधता येईल.

शहराचे नाव कोणाच्याही मालकीचे नसते. ‘कोल्हापूर’ हा शब्द वापरला म्हणून कोणी आपल्याला शुल्क देणे लागतो, असा दावा टिकणे मला अवघड वाटते. पण लिहून घेतले तर गोष्ट बदलते. क्लीव्हलँड ब्राउन्सच्या मालकाने 1995 साली संघ बाल्टिमोरला हलवण्याचे जाहीर केले, तेव्हा शहराने न्यायालयात धाव घेतली आणि तडजोडीत नाव, रंग आणि संघाचा सारा इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहिला. खेळाडू गेले, पण 1999 साली त्याच नावाने नवा संघ त्या शहरात पुन्हा उभा राहिला. सेंट लुईसविषयी धागाकर्त्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. त्या शहराने पुढे लीगवर दावा केला, आणि त्याचा आधार लीगने स्वतःच लिहून ठेवलेली स्थलांतराची नियमावली हा होता. 2021 साली 79 कोटी डॉलरवर समेट झाला. शहराला पैसा मिळाला, तो नियम कागदावर होता म्हणून.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. भारतीय क्रिकेटमध्ये हद्द शहराची नसते, संघटनेची असते. महाराष्ट्र राज्यातच मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत आणि कोल्हापूर पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येते. आयपीएलमध्ये घरच्या सामन्यासाठी संघमालकाने राज्य संघटनेला रक्कम द्यायची पद्धत आहे. 2020 साली ती प्रत्येक सामन्याला 50 लाख रुपये करण्यात आली. म्हणजे धागाकर्ता मागतो आहे ते हद्दीचे शुल्क भारतात एका परीने आधीपासूनच आहे, परंतु जिथे सामना होतो त्या मैदानाच्या संघटनेला ते मिळते. ज्या गावाचे नाव जर्सीवर असते, त्याला नाही.

मग माझा प्रश्न असा, की कोल्हापूरच्या वतीने करारावर सही कोणी करायची? महापालिकेने, जिल्हा संघटनेने की आणखी कोणी? जो पक्ष करारात नाही, त्याला करार मोडल्याची दाद मागणे फार कठीण जाते. कोचीचा संघ 2011 साली रद्द झाला, त्याच्या मालकांना लवादाने दिलेली सुमारे 538 कोटींची भरपाई मुंबई उच्च न्यायालयाने 2025 साली कायम ठेवली. करारात मालक होते, म्हणून निवाडा मालकांच्या बाजूने झाला. कोचीचा प्रेक्षक त्या करारात कुठेच नव्हता.

हिशेबनीस, राजारामपुरी

ताईंचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याने माझ्या भूमिकेत थोडा फरक पडतो. नाव आणि रंग गावात ठेवण्याला मालकाचा फारसा खर्च नाही. त्यामुळे बोलीही घसरणार नाही. त्याला माझी संमती आहे. विक्रीच्या किमतीतील वाट्याला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण ती रक्कम कोणाच्या हाती पडेल आणि तिचा हिशेब कोण तपासेल, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

रंकाळ्याकाठचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. विक्रीतील वाट्याची मागणी मी मागे घेतो. पैसा घेणारी विश्वासार्ह संस्था आधी हवी, आणि ती नसताना मी घोड्यापुढे गाडी जोडली होती.

काकांशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. तालमीचा संघ हलत नाही हे खरे, पण तालमीच्या मैदानातून घडलेला मुलगा पुढे जाऊन ज्या संघात खेळतो, तो संघ हलतो. अनिकेतचे उदाहरण म्हणूनच पहिल्या परिच्छेदात दिले होते. त्या वरच्या पातळीवर आपल्याला काहीच बोलायचे नाही असे ठरवले, तर तिथले सगळे निर्णय आपल्याशिवाय होतील.

ताईंच्या सूचनेप्रमाणे मागणी आता अशी मांडतो. लीगच्या नियमावलीत एक कलम असावे : संघाची मालकी किंवा नाव बदलण्यापूर्वी संबंधित जिल्हा संघटनेला लेखी कळवून तिचे म्हणणे नोंदवून घ्यावे, गावाचे नाव व रंग दुसऱ्या गावाला देऊ नयेत, आणि त्या नावाने खेळणाऱ्या संघाने दर मोसमापूर्वी त्या जिल्ह्यात खुली निवड चाचणी घ्यावी. यात शुल्काचा एक रुपयाही नाही. मसुदा मी लिहितो. ताईंनी तो कायद्याच्या नजरेने तपासावा, ही विनंती.

जुना प्रेक्षक, मंगळवार पेठ

निवड चाचणीचे कलम चांगले आहे. त्यात एवढी भर घाला, की चाचणी शहरातच न घेता एक दिवस गडहिंग्लजलाही घ्यावी. तिथल्या पोरांना फुटबॉलचे वेड आपल्याइतकेच आहे, आणि क्रिकेट खेळणारीही कमी नाहीत. पहाटेची एसटी पकडून कोल्हापूर गाठायचे म्हणजे त्यांचा निम्मा दम प्रवासातच जातो.

कलमवाली, ताराबाई पार्क

मसुदा पाठवा. ‘कळवावे’ या शब्दापुढे किती दिवस आधी, हे नक्की लिहा. मुदत नसलेले कलम न्यायालयात वादाला जागा ठेवते. माझ्या मते साठ दिवस असावेत.