मदत हवी आहे: सीओपीडी असताना गोदामातलं काम कसं जमवावं?

सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन श्वास सोडायला अडथळा येणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), मध्यम स्वरूपाचा. एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ५८ टक्के. काम गोदामात: खोकी फळ्यांवर लावणं, नोंदी ठेवणं, पाळी संपताना झाडलोट. बसून काही त्रास नाही. वरच्या फळीवर खोकी लावताना आणि झाडताना मात्र दम लागतो. नोकरी सोडायची नाही. कामाची पद्धत कशी बदलावी? इन्हेलर नेमका कधी घ्यावा? एन९५ मास्क लावून झाडलं तर चालेल का? आणि वरिष्ठांना किती सांगावं?

रानवारा:
हात खांद्याच्या वर गेले की मान-खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करतात, तेच हात तोलून धरण्यात गुंततात. त्यात सीओपीडीत श्वास बाहेर पडायला वेळ लागतो. घाई केली की आधीची हवा पूर्ण निघायच्या आत पुढचा श्वास घेतला जातो आणि हवा आत साठत जाते. श्वास घेता येत नाही असं वाटतं, पण खरं तर आधीचा सोडायचा राहिलेला असतो.

म्हणून वजनाच्याही आधी उंची आणि वेग बदला. नेहमी लागणारी, जड खोकी कंबर ते छाती एवढ्या उंचीवर. वर फक्त क्वचित लागणारी हलकी. उचलून नेण्यापेक्षा ढकलगाडी बरी, दांड्यावर हात टेकल्याने श्वासालाही आधार मिळतो.

नाकाने २ अंक मोजत श्वास घ्या, शीळ घालताना करतो तसे ओठ करून ४ अंक मोजत सोडा. खोकं उचलण्याआधी घ्यायचा, उचलताना सोडायचा. बहुतेक जण नेमके उचलताना श्वास रोखतात, ते टाळा. एक वाक्य सलग बोलता येईना झालं की थांबा: बसा, पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेका.

काठावरचा:
साल्ब्युटामॉलसारखा झटपट (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा) इन्हेलर डॉक्टरांनी श्रमाआधी घ्यायला सांगितला असेल, तर जड कामाच्या १०-१५ मिनिटं आधी घ्या. परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो. रोजचा इन्हेलर ठरल्या वेळी, दम असो वा नसो.

दाबून फवारा सोडणाऱ्या पंपाला स्पेसर (तोंड आणि पंप यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावा. एका वेळी एकच पफ (फवारा), सावकाश खोल श्वास, १० सेकंद रोखायचा, दुसऱ्या पफआधी किमान ३० सेकंद थांबायचं. पावडरच्या इन्हेलरचं उलट आहे: जोरात आणि खोल ओढायचं. त्यात फुंकर मारू नका, ओलाव्याने पावडर चिकटते. दोन्ही प्रकार वापरणाऱ्यांची गफलत इथेच होते.

झटपट इन्हेलर नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला, तर काम रेटू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. झाडलोटीचं आणि वरिष्ठांचं काय करावं?

रानवारा:
कोरडं झाडणं तुमच्यासाठी नाहीच. बसलेली धूळ उडते आणि बारीक कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. जमीन ओल्या फडक्याने पुसावी किंवा हेपा गाळणीचा (अगदी बारीक कणही अडवणारा) व्हॅक्यूम वापरावा, आणि शक्यतो हे काम दुसऱ्याकडे जावं. एन९५ कण अडवतो, रसायनांची वाफ अडवत नाही. दाढी असली किंवा नाकावरची पट्टी नीट दाबली नाही तर हवा कडेने आत शिरते. शिवाय त्यातून श्वास ओढायला जास्त जोर लागतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच लावा.

वरिष्ठांना आजाराचा सगळा इतिहास सांगायची गरज नाही. डॉक्टरांच्या पत्रात फक्त मर्यादा आणि हवे असलेले बदल असू द्या. ‘हलकं काम द्यावं’ असं मोघम पत्र निरुपयोगी, प्रत्येक जण त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावतो. त्याऐवजी असं हवं: खांद्याच्या वर उचलणं नाही, कोरडी झाडलोट नाही, जड कामानंतर ५ मिनिटं बसायची मुभा, पाळी थोडी उशिरा. सीओपीडीचा त्रास अनेकांना सकाळी सर्वांत जास्त असतो, म्हणून शेवटचा मुद्दा सोडू नका. झाडलोटीच्या बदल्यात जास्तीच्या नोंदी करायची तयारी तुम्हीच दाखवा.

काठावरचा:
त्याच पत्रात फुप्फुस पुनर्वसनासाठी वेळही मागा. सहसा ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून २-३ सत्रं असतात. देखरेखीखाली व्यायाम असतो, आणि सामान उचलताना श्वास कसा सांभाळायचा तेही तिथे शिकवतात. जाताना गोदामातल्या कामांची यादी न्या.