किनाऱ्यावरच्या घरात एसी बसवताना एकूण खर्च किती आला? (अनुभव धागा)

रत्नागिरी, मुरुगवाडा (धागाकर्ता)

आमच्याकडे मे महिन्यात पारा बहुतेक दिवस ३२-३३ अंशांच्या आसपास असतो, पण हवेत एवढा दमटपणा असतो की पंख्याखाली बसूनही अंगाचा घाम वाळत नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये आम्ही दीड टनाचा, तीन तारांकित इन्व्हर्टर एसी ३८,५०० रुपयांना घेतला. त्या वेळी त्यावर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाल्यामुळे तेच यंत्र आता सुमारे तीन हजारांनी स्वस्त पडावे. खरा हिशेब मात्र यंत्र घरी आल्यावर सुरू झाला. बसवण्याची मजुरी १,६०० रुपये झाली. समुद्राकडची गॅलरी टाळून बाहेरचे युनिट मागच्या बाजूला नेल्यामुळे सोबत आलेली तीन मीटर तांब्याची नळी पुरली नाही आणि आणखी चार मीटरचे ३,४०० रुपये द्यावे लागले. स्टँडचे ९००, चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडण्याचे ५००, वीजमीटरपासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, एमसीबी (जास्त प्रवाह आल्यास आपोआप बंद होणारा स्विच) व सोळा अँपिअरचा सॉकेट यांचे ५,२०० आणि स्टॅबिलायझरचे ३,२०० असे वरचे १४,८०० रुपये गेले व एकूण खर्च ५३,३०० वर पोहोचला. दुकानदाराने यांतल्या फक्त १,६०० रुपयांचा उल्लेख केला होता.

आपण लिहिताना कृपया घर समुद्रापासून किती दूर आहे, भिंत व छप्पर कशाचे आहे आणि बसवल्यानंतर किती वर्षे झाली, हे अवश्य नमूद करावे.

मालवण, तारकर्ली

आमचे पर्यटक-निवासाचे चार खोल्यांचे घर वाळूच्या पट्ट्याला लागून आहे. २०१९ मध्ये चारही खोल्यांत एसी बसवले, तेव्हा पर्यटकांना समुद्र दिसावा म्हणून आम्ही गॅलरी पूर्वेला न ठेवता पश्चिमेला ठेवली होती आणि बाहेरची युनिट्सही तिथेच टांगली. दिवसभर खारे वारे थेट त्यांच्यावर येत राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात एका लोखंडी स्टँडचा पाय गंजून मोडला, आणि पाठोपाठ दोन युनिट्समधला गॅस गेला. प्रत्येक वेळी २,८०० रुपये देऊन गॅस भरायचा आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच, असे तीनदा झाल्यावर एका जाणत्या मेकॅनिकने कॉइल उघडून दाखवली. तांब्याच्या नळ्यांवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचे बोटाने दाबताच पांढरे पीठ होत होते. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यावर खारट ओल बसली की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते, हे तेव्हा समजले. वॉरंटीच्या कागदात गंजाचे नुकसान वगळलेले होते, त्यामुळे कॉइल बदलण्याचे प्रत्येकी अकरा हजार आम्हीच भरले.

नंतरची युनिट्स आम्ही लेप दिलेल्या पात्यांची घेतली, स्टेनलेस स्टीलचे स्टँड प्रत्येकी २,६०० रुपयांना करून घेतले आणि सगळे घराच्या मागे, माडांच्या आडोशाला हलवले. महिन्यातून एकदा वीज बंद करून ती गोड्या पाण्याने धुतो. यातही पहिल्या उन्हाळ्यात एक फजिती झाली: ज्या विहिरीचे पाणी वापरत होतो, ती मे महिन्यात मचूळ होते, म्हणजे आम्ही मीठ धुवायला मीठच वापरत होतो.

गुहागर

घर कौलारू आहे आणि समुद्र सुमारे अर्धा किलोमीटर दूर आहे. आईवडिलांसाठी एसी घ्यायचा ठरला, तेव्हा कौलांच्या फटींतून थंडावा निघून जाईल, म्हणून खोली आधी बंदिस्त करा, असे दोन्ही मेकॅनिकनी बजावले. माजघराला लागून असलेल्या १० बाय ११ फुटांच्या खोलीला पीव्हीसीचे छत ११० रुपये चौरस फूट दराने घातले, त्याचे १२,१०० झाले. गजांच्या खिडक्यांना सरकत्या काचा लावण्याचे ६,५०० आणि जुन्या दाराखालच्या फटीसह किरकोळ सुतारकामाचे २,००० गेले. एक टनाचा एसी ३१,००० रुपयांचा होता, म्हणजे खोली तयार करण्यासाठी त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम लागली. छत आणि कौले यांमधली पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून मोकळी ठेवली, कारण तिथे साठणारी गरम हवा बाहेर जाणे आवश्यक असते. वडील रोज शांत झोपतात. आईला मात्र बंद खोलीत मडक्यात बसल्यासारखे वाटते आणि ती अजूनही पडवीतच झोपते.

अलिबाग, वरसोली

वरील हिशेबांत वीजबिल आलेले नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर एसी रात्रीचे आठ तास २५-२६ अंशांवर चालतो आणि पाच-सहा युनिट घेतो, म्हणजे महिन्याला दीडशेहून अधिक. पूर्वी आमचा वापर दोनशेच्या आत होता. आता तो तीनशेची पायरी ओलांडतो आणि वरच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो. दुसरा एसी घेण्यापूर्वी वीजजोडणीचा मंजूर भार वाढवून घेतला. त्यानंतर छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले, ज्याला पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले.

आणखी एक खर्च कोणी धरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात गच्चीवर नुसते ठेवलेले आमचे युनिट नळ्यांसकट उखडून शेजारच्या वाडीत जाऊन पडले. नवे युनिट सिमेंटच्या ओट्यावर चार अँकर बोल्टनी जखडले आहे. त्याचे १,८०० रुपये लागले.

पणजी, मिरामार

सदनिकेत तांब्याच्या नळ्या आधीच भिंतीत पुरलेल्या होत्या, म्हणून खर्च वाचेल असे वाटले होते. प्रत्यक्षात आतला एक जोड गळका निघाला आणि भिंत फोडून, नळी बदलून, पुन्हा रंग देण्यात नऊ हजार गेले. पुरलेल्या नळ्यांची दाबचाचणी आपल्यासमोर करून घ्यावी.

रत्नागिरी, एसी दुरुस्तीचा व्यवसाय

मी अठरा वर्षे हे काम करतो, म्हणून गिऱ्हाइकांना सहसा न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी लिहितो. पहिली टनाविषयी. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून लहान खोलीला मोठा एसी घेणे आपल्या भागात विशेष चुकीचे आहे. असा एसी खोली चटकन गार करून थांबतो आणि हवेतली ओल तशीच राहते, त्यामुळे थंडी वाजते पण चिकचिक जात नाही. लहान यंत्र सलग चालले तर ते रात्रीतून बादलीभर पाणी ओढून काढते. पावसाळ्यात ड्राय मोड त्यासाठीच आहे.

दुसरी व्हॅक्युमविषयी. नळ्या जोडल्यावर त्यांतली दमट हवा पंपाने किमान पंधरा-वीस मिनिटे ओढून घ्यावी लागते. घाईत असलेला माणूस थोडा गॅस सोडून हवा हुसकावतो आणि निघून जातो. आत राहिलेली ओल पुढे कंप्रेसर खाते. माझ्याकडे पंपासह बसवण्याचे शे-पाचशे रुपये जास्त पडतात, आणि घासाघीस नेमकी त्याच पाचशेवर होते. बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरून बोर्ड जळण्याच्या तक्रारीही आपल्याकडे पुष्कळ येतात. तो बोर्ड सहा-सात हजारांचा असतो, आणि वायर शिरते ते भोक एम-सीलने बुजवायला पन्नास रुपयेही लागत नाहीत.

वेंगुर्ला

आम्ही सर्व मिळून ५६,००० रुपयांचा अंदाज काढला, गवंड्याकडून चिऱ्यात नळीसाठी भोकही पाडून घेतले आणि त्याच आठवड्यात विहिरीचा पंप जळाल्याने बेत पुढे ढकलला. ते भोक अजून तसेच आहे आणि सध्या त्यात चिमणीने घरटे केले आहे, त्यामुळे निदान पिल्ले उडेपर्यंत मेकॅनिकला बोलावता येणार नाही.