मदत हवी आहे: केमो चालू आहे, पण बाहेर सगळ्यांना 'कावीळ' सांगितली आहे

द्राक्षवेल:

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

वय 32. राहायला नाशिकला इंदिरानगर, नोकरी अंबडला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात. मुलगी साडेतीन वर्षांची. गणपतीत अंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. ज्यांना दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, दुधाची गाठ असेल, या वयात दुसरं काही नसतं. मुलीचं अंगावरचं दूध सुटून दोन वर्षं होत आली होती, तरी मला ते पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माळ्यावरची भांडी काढताना काखेतही काहीतरी जाणवलं. मग दुसरीकडे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी. स्तनाचा कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह. म्हणजे हार्मोनच्या दोन्ही तपासण्या आणि हर-टू या प्रथिनाची, तिन्ही निगेटिव्ह, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या माझ्या कामाच्या नाहीत. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असं ठरलंय. लाल केमोचे चार डोस दर 21 दिवसांनी, त्यातले तीन झाले. त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही दुसरी केमो, असे बारा.

उपचारांबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती केमोशी आहे, कुणा माणसाशी नाही.

अडचण घरातली आहे. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात नणंदेला मुलाकडच्यांची पसंती आली. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता बाहेर काही बोलायचं नाही. लोक म्हणतील यांच्या घरात हा रोग आहे." आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत त्यांनीच सांगून टाकलं की सुनेला कावीळ झालीय. कावीळच का, देव जाणे. बहुधा तेवढंच पटकन सुचलं.

कावीळ म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गळ्यात घालायची माळ आली, नाकात घालायच्या थेंबांचा पत्ता आला, गूळ-फुटाणे आले. शेजारच्या काकू तर संध्याकाळी गाड्यावरून उसाचा रस आणायला लागल्या, बिनबर्फाचा, अगदी मायेने. पहिल्यांदा मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. प्यायले.

दुसऱ्या डोसनंतरच्या नवव्या दिवशी रात्री 101 ताप. रात्री गाडी काढली तर वॉचमनपासून सगळे विचारणार, म्हणून तापाची गोळी घेऊन पहाटेची वाट बघत बसलो. सकाळी पांढऱ्या पेशी 900. चार दिवस ॲडमिट. रसामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, कशाने झालं ते सांगता येत नाही म्हणाले. पण रात्रभर थांबलो म्हणून जे ऐकवलं ते मी जन्मात विसरणार नाही. 100.4 च्या वर पारा गेला की घड्याळ बघायचं नाही, गोळी घेऊन ताप दाबायचा नाही, सरळ निघायचं. माझं माहेर तिवंधा चौकाजवळ, रंगपंचमीला रहाडीतल्या, म्हणजे रंगाच्या हौदातल्या, उड्यांचा आवाज ऐकत लहानाची मोठी झाले. यंदा रंगपंचमीला मी सलाइनचे थेंब मोजत होते.

केस पहिल्या डोसनंतर सतराव्या दिवशी गेले. उरलेले नवऱ्याने मशीनने काढले, तेव्हा लेक शेजारी बसून बघत होती. तिला सांगितलं, औषधाने गेले, परत येणार आहेत. तिने खाली जाऊन ते जाहीर केलं. आता काकू विचारतात, "काविळीने केस जातात का गं?"

तर माझे प्रश्न:

चौथा डोस मंगळवारी आहे आणि साखरपुडा त्यानंतरच्या आठवड्यातल्या गुरुवारी, म्हणजे बरोबर दहावा दिवस. हॉलमध्ये दीडशे माणसं. सासूबाई म्हणतात विग लावून तासभर बस. जाऊ का?

लेकीला नेमकं काय सांगावं? मी तिला खोटं बोलायला शिकवतेय असं वाटत राहतं.

नोकरीचं काय करू? बिनपगारी रजा संपत आलीय. एचआरलाही कावीळच सांगितली आहे. राजीनामा द्यावा का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हे लपवणं थांबवायचं कसं? सासूबाई वाईट नाहीत हो. पहाटे चारला उठून मला पेज करून देतात. पण दारावरची बेल वाजली की मी ओढणी शोधत धावते, आणि ते आता झेपत नाही.

---

साडेसहाची गाडी:

अगं, आधी एक कप चहा घे. मी 34 व्या वर्षी यातून गेले, आता सहा वर्षं झाली. माझंही ट्रिपल निगेटिव्हच होतं.

सासूबाईंच्या भीतीचं आधी बोलते, कारण ती भीती चुकीच्या पत्त्यावर गेलीय. तुझा आजार रक्तातून आला असेलच, तर तो तुझ्या माहेरच्या रक्तातून. नणंदेचं आणि तुझं रक्ताचं नातंच नाही! तिच्या लग्नाला याने काय बाधा येणार? आणि तसंही स्तनांच्या कॅन्सरपैकी आनुवंशिक साधारण 5 ते 10 टक्केच. बाकीच्यांना कुळात काही नसतानाही होतो. तू मात्र बीआरसीएची, म्हणजे आनुवंशिक कॅन्सरच्या जनुकांची, तपासणी झाली का ते विचार. इतक्या कमी वयात आणि ट्रिपल निगेटिव्ह असेल तर ती करायला सांगतात. ऑपरेशन एका बाजूचं की दोन्हीचं, हा विचारही त्या रिपोर्टवर बदलू शकतो. सख्खी बहीण असेल तर तिच्याही कामाचा आहे. लेकीचं आत्ता काही करायचं नसतं, ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल.

साखरपुडा: दहावा दिवस म्हणजे पेशी तळाला असायची वेळ. डोस पुढे ढकलू नकोस, कुणाच्याही कार्यासाठी. काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, वाढवायचं इंजेक्शन देतात का तुला? देत असतील तर आदल्या दिवशी रक्त तपासून डॉक्टरांना विचार. हो म्हणाले तर मास्क लावून बस, घरून डबा ने, पंगतीला बसू नकोस, आणि फोटो झाले की घरी. नाही म्हणाले तर नाही. विगच्या आत मऊ सुती टोपी लागते, नाहीतर नाशिकच्या एप्रिलमध्ये टाळू भाजून निघते. मी दोनदा लावला आणि कपाटात ठेवला. भुवया गेल्यावर जास्त रडले होते खरं तर. कुणी सांगितलंच नव्हतं की त्याही जातात.

---

डबा गरम:

गव्हांकुराचा ताजा रस रोज सकाळी चालू करा. आमच्या नात्यात एकीचे काउंट पंधरा दिवसांत वर आले. बरोबर गोमूत्र अर्क.

---

साडेसहाची गाडी:

पंधरा दिवसांत काउंट सगळ्यांचेच वर येतात, दादा. म्हणूनच तर डोस 21 दिवसांनी असतो. ती एका रसातून नुकतीच बाहेर आलीय, दुसरा नको. पेशी खाली असताना कच्चं, न शिजवलेलं काही नकोच. द्राक्षं खायची इच्छा झाली तर मीठ-पाण्यात ठेवून, खळखळून धुऊन आणि तीही डॉक्टरांना विचारून. मी त्या वर्षी सोलून खाल्ली होती, एक-एक. नवरा हसायचा.

---

सातपूर शिफ्ट:

राजीनामा अजिबात देऊ नका. पगारपत्रकात ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का बघा. 21,000 पर्यंत पगार असेल तर असतेच. नेहमीच्या आजारपणाच्या भत्त्याखेरीज कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी वाढीव भत्ता आहे, पगाराच्या 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट अशी की नोकरीत विम्याखाली दोन वर्षं झालेली हवीत आणि ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पण त्यासाठी कागदावर खरा आजार लागतो. कावीळ सांगून हा भत्ता मिळत नाही. राजीनामा दिला तर हे सगळं हातचं जाईल. एचआरला उद्याच खरं सांगा, ते सोसायटीत सांगायला येणार नाहीत.

ईएसआयसी नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना. केमो, ऑपरेशन, रेडिएशन तिन्ही बसतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणार असाल तर रेल्वेची सवलतही आहे. पंचवटी एक्सप्रेसच्या चेअर कारला पेशंट आणि सोबतचा एक, दोघांनाही 75 टक्के. हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

बायकोच्या वेळी हे सगळं मला उशिरा कळलं. म्हणून कुठे विषय निघाला की लिहितो.

आणि एक. आईशी बोलणं हे तुमच्या मिस्टरांचं काम आहे, तुमचं नाही. मीही त्या वेळी गप्प बसलो होतो.

---

तांब्याचा बंब:

पोरी, मी तुझ्या सासूच्या वयाची. जरा तिच्या बाजूने बोलू?

माझी मोठी बहीण यानेच गेली, मी शाळेत होते तेव्हा. घरात कुणी आजाराचं नावही घेत नसे. "तिला तो झालाय" म्हणायचे. तिचं ताट-वाटी वेगळी ठेवली होती. आमच्या वेळी हा शब्द म्हणजे सरणाचंच बोलावणं. तुझ्या सासूला लोकांची भीती आहे ती आहेच, पण तो शब्द उच्चारला की खरा होईल, अशीही भीती असेल. चारला उठून पेज करणारी बाई निगरगट्ट नसते.

एक कर. पुढच्या डोसला नवऱ्याऐवजी तिला ने. काही समजवायला जाऊ नकोस. नुसती बसू दे तिथे दिवसभर. किती जणी येतात, डबे उघडतात, भांडतात, टीव्हीवरची मालिका बघतात, हे तिने एकदा बघू दे. मला हे बघायला साठी उलटावी लागली.

लेकीला "कॅन्सर" हाच शब्द सांग. कावीळ सांगितलीस तर उद्या बालवाडीत कुणाला कावीळ झाली की तिला वाटेल, त्याचेही केस जाणार. तुझ्यामुळे झालं नाही, जवळ बसल्याने, पापी घेतल्याने होत नाही, आणि आजी, बाबा आहेतच, एवढं पुरे. दहादा विचारेल, दहादा तेच सांग.

---

द्राक्षवेल:

सगळ्यांना एकदमच लिहिते. गेले दहा-बारा दिवस फोन हातात धरवत नव्हता. तोंड आलं होतं, मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू आहेत.

सातपूरच्या दादा, कपात आहे. एचआरच्या मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, माझ्या आईला झाला होता. फॉर्म भरलेत.

बीआरसीएचं रक्त दिलंय, रिपोर्टला वेळ आहे. धाकट्या बहिणीला सांगताना फार जड गेलं. ती म्हणाली, तू आधी जेव.

काउंट वाढवायचं इंजेक्शन तिसऱ्या डोसपासून देतात, दुसऱ्या दिवशी. कंबर आणि मांड्या अशा ठणकतात की जिन्यात मध्येच बसावं लागतं.

नवरा आईशी बोलला. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी काही म्हणायच्या आत सासूबाईंनी नऊवारी बदलली, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेतला आणि रिक्षात जाऊन बसल्या. तिथे शेजारी सिन्नरच्या एक बाई होत्या, लेकीला घेऊन आलेल्या, लेक माझ्याहून लहान. मला लाल औषध चालू होतं, डोळे मिटलेले. सिन्नरच्या बाईंनी विचारलं, तुमची कोण? सासूबाई म्हणाल्या, "सून आहे. हिला कॅन्सर आहे." पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. मी डोळे उघडले नाहीत. परत येताना रिक्षात अवाक्षर नाही. काकूंना अजूनही काही सांगितलेलं नाही, पण परवा रसाचा ग्लास दारातूनच परत गेला. "तिला बाहेरचं बंद केलंय डॉक्टरांनी," एवढंच.

नणंदेने मात्र तिच्या होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच सांगून टाकलं. त्याला रंगपंचमीपासून माहीत होतं म्हणे. आम्हीच आपले झाकत बसलो होतो.

साखरपुडा गुरुवारी आहे, बुधवारी रक्त तपासणार. पेशी नीट असतील तर तासभर जाईन, विग न लावता, पदर घेऊन. आता शेवटचा प्रश्न, हसू नका. नणंद मागे लागलीय की वहिनी, मेंदी काढच. केमोत मेंदी चालते का?

---

साडेसहाची गाडी:

पानांची, घरी भिजवलेली असेल तर मला डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. कोनातली काळी मेंदी मुळीच नको, त्यातल्या रसायनाने कातडी भाजते. ज्या हाताला सुई लावतात तो मोकळा ठेव, आणि नखं कोरी राहू देत. पुढे पॅक्लिटॅक्सेलला नखं काळी पडतात, डॉक्टर दर वेळी बघतात. बुधवारी रक्त द्यायला जाशील तेव्हाच विचारून घे. काउंट किती आले ते इथे लिही.