केळीच्या बागेत जिवाणूंची बाटली पुरेशी आहे का?

प्रश्न (यावल तालुका)
आमच्या काळ्या जमिनीत केळीमागून केळीच घेतली जाते आणि खते ठिबकमधून दिली जातात. अ‍ॅझोटोबॅक्टर हे हवेतला नत्र धरणारे आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे बाटलीतले जिवाणूही मी नियमित सोडतो, तरी माती घट्ट होत चालली आहे. सातपुड्याच्या जंगलात कोणी खत टाकत नाही, तरीही तिथली माती भुसभुशीत का राहते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
भाऊ, चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांचे प्रकार हजारोंनी असतात. बाटलीत मात्र एक-दोनच. जंगलात पालापाचोळ्याचा मऊ भाग जिवाणू कुजवतात, लाकडासारखा चिवट भाग बुरशी फोडते, आणि त्यातून सुटलेल्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू आणखी वेगळे असतात. शिवाय एकाच कामाला अनेक प्रकार हजर असल्यामुळे वैशाखातल्या उन्हाने किंवा साचलेल्या पाण्याने काही मेले, तरी उरलेले ते काम पुढे नेतात. मातीचे कण एकत्र धरून ठेवण्यात बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा चिकट स्राव यांचा मोठा वाटा असतो. केळी, कापूस आणि ज्वारी या तिन्ही पिकांच्या मुळांशी मायकोरायझा (मुळांना स्फुरद मिळवून देणारी) बुरशी जोडली जाते; पण स्फुरद भरमसाट दिले, की हे नाते कमकुवत होते. म्हणून आधी माती परीक्षण करून घ्या.

उत्तर २ (रावेर)
मला यात रोगाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केळीची झाडे वाळवणाऱ्या पनामा मर रोगाची फ्युजेरियम बुरशी यजमान (ज्यावर ती जगते ते) पीक नसतानाही वर्षानुवर्षे जमिनीत टिकते. मातीतले इतर सूक्ष्मजीव तिच्याशी अन्नासाठी व जागेसाठी स्पर्धा करतात, काही तर तिला मारक द्रव्येही सोडतात. एकच पीक सतत घेतल्याने तिला यजमान मिळत राहतो आणि इतरांचे खाद्य एकसुरी होते. केळीनंतर हरभरा, मूग किंवा दादर (रब्बी ज्वारी) घ्यावी. निरोगी बागेची खोडे व पाने बारीक करून जमिनीतच कुजवावीत, परंतु मर लागलेल्या बागेचे अवशेष किंवा माती दुसऱ्या शेतात मुळीच नेऊ नये.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, मात्र जिवाणू संवर्धके निरुपयोगी मानू नयेत. मुगाच्या बियाण्याला योग्य रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू) चोळल्यास, विशेषतः जिथे ते पीक पूर्वी घेतलेले नाही तिथे, मुळांवर गाठी चांगल्या धरतात. बाटलीतले जिवाणू सोडताना शेणखत किंवा कंपोस्ट जरूर द्यावे, कारण खाद्याविना ते फार काळ तग धरत नाहीत. आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) सोडल्यावर लगेच रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) करू नये, कारण तीही बुरशीच आहे.