लाल पट्टी बघितली, पण कनेक्टर सरकलेलं नाही ना?

युरोरॅक सिंथेसायझरच्या केसमध्ये (पेटीत) मॉड्यूल, म्हणजे सिंथचा एकेक सुटा भाग, जोडताना "पॉवर केबलची लाल पट्टी खाली केली की झालं काम," असं एकाने म्हटलंय. अर्धंच बरोबर आहे. युरोरॅकमध्ये लाल पट्टी म्हणजे वजा १२ व्होल्टची बाजू, पण ती बसबोर्डावर (मॉड्यूलना वीज पुरवणाऱ्या बोर्डावर) छापलेल्या खुणेशी जुळवायची, वर-खालीच्या अंदाजाने नाही. मॉड्यूलच्या पाठीवरची खूण वेगळी तपासायची. तिथे सॉकेट कसं बसवलं असेल याचा नेम नाही.

माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे कनेक्टर सरकणं. ज्या बसबोर्डाच्या पिनांभोवती प्लास्टिकची चौकट नाही, तिथे कनेक्टर दोन पिनांची एक ओळ सरकून बसतं आणि हाताला पत्ताही लागत नाही. पिना १-२ वजा १२, ३ ते ८ ग्राउंड, ९-१० अधिक १२. म्हणजे एक ओळ इकडे सरकली की मॉड्यूलचं ग्राउंड वजा १२ वर, तिकडे सरकली की अधिक १२ वर. दोन्हीकडे शॉर्टच! टॉर्च मारून दोन्ही टोकांना उघडी पिन दिसते का बघा.

खोल मॉड्यूलची मागची सोल्डर टोकं बसबोर्डाला टेकत नाहीत ना, हेही बघा. आणि केसमध्ये पडलेला स्क्रू सापडल्याशिवाय स्विच लावायचाच नाही, कितीही कंटाळा आला तरी.

प्लग काढा, बसबोर्डावरचे एलईडी पूर्ण विझू द्या, मग जोडा. जोडल्यावर प्लग लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून अधिक १२ आणि ग्राउंड, मग वजा १२ आणि ग्राउंड तपासा. क्षणभर वाजून थांबला तर कपॅसिटर भरतोय, घाबरू नका. वाजतच राहिला तर केबल काढा.