मदत हवी आहे: ब्लीचिंगच्या ट्रॉल्या गंजून टॉवेलवर डाग पडतायत, कुठला लेप टिकेल?

पांढरा_टॉवेल:

नमस्कार मंडळी. प्लेटिंग, गॅल्व्हनायझिंग यातलं कळणारं कुणी इथे असेल तर जरा वेळ द्या.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. पुढे लूम, मागे छोटं प्रोसेसिंग. माल बहुतेक पांढरा, हॉटेलला आणि हॉस्पिटलला जाणारा. रंगीत मालात एखादा डाग खपून जातो. पांढऱ्यात मुंगीएवढा तपकिरी ठिपका दिसला तरी अख्खा गठ्ठा परत येतो, वर फोनवर ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

मशीनमधून ओला माल काढला की ट्रॉलीत, ट्रॉलीतून हायड्रोला (गरगर फिरवून पाणी काढणारं मशीन), तिथून ड्रायरला. ट्रॉल्या एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या आहेत. खाली चौकोनी पाइपची फ्रेम, कडेला अँगल, तळाला भोकं पाडलेला पत्रा. सगळं वेल्डिंग झाल्यावर झिंक प्लेटिंग (विजेने चढवलेला जस्ताचा पातळ थर) करून घेतलं, वर पिवळं पॅसिव्हेशन (जस्ताला जपणारा रासायनिक थर). पावसाळा संपेपर्यंत वाट लागली.

गंज कसा आला ते नीट सांगतो, कारण त्यातच काहीतरी आहे असं मला वाटतं. आधी तळाच्या पत्र्यावर पांढरी भुकटी धरली. बोट फिरवलं की खडूसारखी हाताला लागायची. मग पत्रा काळपट करडा झाला. तपकिरी रंग पहिल्यांदा दिसला तो वेल्डिंगच्या सांध्यात, जिथे अँगल पत्र्यावर बसतो तिथे. त्या फटीतून आजही नारिंगी पाण्याचा ओघळ येतो. पुसला की दुसऱ्या दिवशी परत हजर. आणि पाइपच्या आतून तर ट्रॉली कलती केली की तांबडं पाणीच गळतं.

डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, पण तो डबल खर्च आणि डबल पाणी. त्याहून वाईट म्हणजे काही नगांना डागाच्या जागी टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. ती कुठून येतात ते कळेना.

आता चौघांनी चार सल्ले दिलेत. प्लेटिंगवाला म्हणतो परत झिंक मारू, या वेळी जाड. फॅब्रिकेटर म्हणतो गरम गॅल्व्हनायझिंग करा, पण एवढ्या मोठ्या नगांसाठी पुण्याकडे पाठवावं लागेल. भाऊ म्हणतो पावडर कोटिंग, दिसायलाही चांगलं. आणि आमचे अण्णा एकच म्हणतात, एसएस (स्टेनलेस स्टील) कर आणि मोकळा हो. सगळ्याच ट्रॉल्या एसएसच्या करायच्या तर खिसा रिकामा होईल. नेमकं काय करावं?

कोरडी_हवा:

सोलापूरच्या हवेत लोखंड गंजतं? आमच्या गेटला साधा रेड ऑक्साइड आहे, वर्षानुवर्षं तसाच उभा आहे. प्लेटिंगवाल्याने फसवलंय तुम्हाला, दुसरं काही नाही.

जस्तभट्टी:

गेट आणि ब्लीचिंग खातं एक नाही हो. गेटला वर्षातले आठ महिने पाणी शिवत नाही. ट्रॉली दिवसरात्र ओली, गरम आणि केमिकलमध्ये. बाहेर एप्रिलमध्ये ४२ अंश कोरडं ऊन असेना का, प्रोसेस हाऊसच्या आत कोकणातला श्रावणच असतो.

धागाकर्त्याला दोन प्रश्न. टॉवेलवरचे डाग कुठेही विखुरलेले आहेत की पत्र्याच्या भोकांच्या अंतराने ओळीत? आणि माल ट्रॉलीत पडतो तेव्हा न्यूट्रल (ॲसिड घालून अल्कली मारलेला) झालेला असतो का? ट्रॉलीच्या तळाशी साचलेल्या पाण्याला पीएच पेपर लावून बघा.

रंगखाते:

मी प्रोसेसिंगमध्येच आहे, भोकांबद्दल सांगतो.

पेरॉक्साइडच्या (ब्लीचच्या) बाथमध्ये लोखंडाचा कण गेला की तो उत्प्रेरकाचं काम करतो. त्या ठिकाणी पेरॉक्साइड एकदम फुटतं आणि तिथला कापूस खाऊन टाकतं. म्हणूनच बाथमध्ये स्टॅबिलायझर आणि लोखंड पकडून ठेवणारं सिक्वेस्टरिंग एजंट घालतात. तुमचं असं होत असणार: ट्रॉलीत डाग पडतो, तुम्ही तो नग परत ब्लीचला टाकता, आणि डागाच्या जागी भोक पडतं. डागाळलेला माल आधी ऑक्झॅलिकने साफ करून, खळखळून धुऊन मगच पेरॉक्साइडमध्ये घाला. थेट रीब्लीच करायचा नाही.

डाग लोखंडाचाच आहे का, याची खात्री लॅबमध्ये लगेच होते. डागावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, त्यावर पोटॅशियम फेरोसायनाइडच्या द्रावणाचा एक थेंब. गडद निळा रंग आला की लोखंड. सगळं थंड आणि पातळच ठेवा, फेरोसायनाइडवर गरम किंवा तीव्र ॲसिड ओतायचं नाही, विषारी वायू निघतो. आणि तपासलेला तुकडा फेकून द्या, ॲसिडने कापूस कमजोर होतो.

बोअरच्या पाण्याचीही हीच चाचणी करा. दोष पाण्याचा असला तर ट्रॉली सोन्याची केली तरी डाग पडणार.

पांढरा_टॉवेल:

सगळं करून बघितलं. डाग ओळीत आहेत, पत्र्याच्या भोकांवर टॉवेल धरला तर जुळतात. फेरोसायनाइडने गडद निळा. बोअरच्या पाण्याला काही रंग आला नाही.

पीएचची गंमत ऐका. एका ट्रॉलीत ११ च्या आसपास, शेजारच्या ट्रॉलीत ४ आणि ५ च्या मध्ये. रात्रपाळीला घाई असली की पोरं न्यूट्रलायझेशनच्या आधीच माल उपसतात, आणि ॲसेटिक ॲसिड मगाने टाकतात, अंदाजपंचे दाहोदरसे.

जस्तभट्टी:

मग गुन्हेगार सापडला. प्लेटिंगवाल्याने चोरी केलीच नाही असं मी म्हणत नाही, पण त्याने इमानदारीत काम केलं असतं तरी हे झालंच असतं.

जस्त लोखंडाला दोन तऱ्हांनी वाचवतं. एक म्हणजे आडपडदा. दुसरं म्हणजे ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला राखतं. विभवाचे (जितका जास्त उणे तितका धातू आधी झिजतो) आकडे बघितलेत तर जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४. पण हे जस्त ॲसिडमध्येही विरघळतं आणि कडक अल्कलीतही. साधारण पीएच ६ ते १२ या पट्ट्यात ते सुखाने राहतं. तुमची ॲसेटिकवाली ट्रॉली या पट्ट्याच्या सरळ बाहेर आहे. ११ वाली वरवर आत दिसते, पण गरम मालातलं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, कडक अल्कली) नितळून सांध्यात साचतं, पाणी उडून जातं आणि तिथे ते घट्ट होत जातं. दिवसाआड कधी ही ट्रॉली, कधी ती. तुम्ही पाहिलेली पांढरी भुकटी म्हणजे तुमचं जस्तच, संपत चाललेलं.

आता जाडीचं बघा. झिंक प्लेटिंग साधारण ८ ते १२ मायक्रॉन असतं. गरम गॅल्व्हनायझिंगमध्ये नग ४५० अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवतात. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे २ ते ५ मिलिमीटर जाडीच्या मालावर दर चौरस मीटरला किमान ४६० ग्रॅम जस्त बसायला हवं. एक मायक्रॉनला ७.१४ ग्रॅम धरले तर ते ६४ मायक्रॉन होतात. पाच ते आठपट आयुष्य, हिशेब सरळ आहे. पण पाच ते आठपट म्हणजे कायमचं नव्हे. खाणारा तोच आहे, फक्त ताट मोठं वाढलंत.

सांध्यातल्या ओघळाचं वेगळं कारण आहे. प्लेटिंगच्या आधी नग ॲसिडमध्ये गंज काढायला बुडवतात. अँगल आणि पत्र्याच्या फटीत ते ॲसिड शिरतं, धुतलं तरी पूर्ण निघत नाही आणि नंतर महिनोन्महिने झिरपत राहतं. पाइपच्या आत तर प्लेटिंगचा करंट पोचतच नाही. तोंडापाशी थोडं जस्त बसतं, पुढे कोरं लोखंड. त्यात कॉस्टिकचं पाणी शिरलं की आतून कुजणारच.

भाऊंचा_मित्र:

पावडर कोटिंगला काय हरकत आहे पण? ६० ते ८० मायक्रॉन सहज बसतं, ॲसिडला आणि अल्कलीला दाद देत नाही.

जस्तभट्टी:

कोटिंग शाबूत असेपर्यंत हरकत काहीच नाही. पण हायड्रोच्या तोंडाशी ट्रॉली दिवसातून किती वेळा आपटते ते बघा. पावडर लोखंडासाठी स्वतः झिजत नाही, ती नुसती चादर आहे. एका ठिकाणी टवका उडाला की पाणी खालून सरकतं आणि वर रंग छान दिसत असताना आत गंज पसरतो. त्यातून आतल्या कोपऱ्यांत आणि पत्र्याच्या भोकांच्या धारेवर पावडर नीट धरतही नाही. भिंतीवरच्या पॅनेलला उत्तम, या ट्रॉलीच्या तळाला माझ्या मते नको.

स्टील_इज_स्टील:

अण्णांचं ऐका. पण सगळं एसएस नको, जिथे माल टेकतो तेवढंच करा. पेरॉक्साइडला आणि तुमच्या कॉस्टिकला ३०४ ग्रेडचं एसएस पुरेसं आहे. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं ब्लीच) वापरता का? क्लोरीन असेल तर ३०४ ला बारीक खड्डे पडतात. तिथे ३१६ लागतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, किंवा सरळ प्लास्टिक.

खरेदी करताना डोळे उघडे ठेवा. बाजारात २०२ सुद्धा "एसएसच आहे मालक" म्हणून देतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. लोहचुंबक लावून उपयोग नाही, २०२ लाही तो चिकटत नाही. ग्रेड तपासायचा थेंब मिळतो, तो लावा किंवा मिलचं सर्टिफिकेट मागा.

आणि वेल्डरला सांगून ठेवा, ज्या ग्राइंडरच्या चाकाने एमएस घासलं ते एसएसला लावायचं नाही. लोखंडाचे कण रुततात आणि आठवड्यात एसएसवर गंजाचे ठिपके दिसतात. मग लोक स्टीलला शिव्या देतात. वेल्डिंगजवळचा निळा-तपकिरी पट्टा पिकलिंग पेस्टने (ॲसिडची पेस्ट) काढून पॅसिव्हेट करून घ्या.

लूमवाला_कुणीतरी:

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही लूमचे स्प्रिंग गंजतात म्हणून झिंक प्लेटिंग करून घेतले. दिसायला मस्त, पण ओढ दिली की काच फुटावी तसे तुटतात. आधी असं होत नव्हतं.

जस्तभट्टी:

ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. कडक स्प्रिंग आणि १२.९ सारख्या जास्त ताकदीच्या ग्रेडच्या बोल्टना हा धोका असतो. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांना ओव्हनमध्ये कित्येक तास ठेवून हायड्रोजन काढावा लागतो, आणि पिवळं किंवा निळं पॅसिव्हेशन त्यानंतर. "तुमच्याकडे ओव्हन आहे का", हे नग देण्याआधी प्लेटिंगवाल्याला विचारा. नसेल तर स्प्रिंगला तेल लावा आणि प्लेटिंगचा नाद सोडा. तुटलेल्या लॉटमधले उरलेले वापरू नका.

पांढरा_टॉवेल:

मंडळी, आभार. हायपो आम्ही फक्त एका टाकीत वापरतो, तिची ट्रॉली वेगळी करता येईल. बाकीच्यांना तळ ३०४ चा आणि फ्रेम जुनीच गरम गॅल्व्हनाइझ करून, असं चालेल का?

स्टील_इज_स्टील:

चालेल, पण एसएसचा पत्रा फ्रेमवर थेट ठेवू नका. ओल्यात एसएस आणि जस्त एकमेकांना टेकले की जस्त भराभर झिजतं, आणि इथे तर एसएसचा पत्रा मोठा, जस्त कमी, म्हणजे जास्तच. मध्ये रबराची पट्टी, बोल्टला नायलॉनचे वॉशर आणि बुश. बोल्ट एसएसचेच घ्या.

रंगखाते:

माझं स्पष्ट मत: एवढी उठाठेव करण्यापेक्षा फ्रेममध्ये एचडीपीईचा (कडक प्लास्टिकचा) टब बसवा, तळाला भोकं पाडून. माल लोखंडाला शिवलाच नाही तर विषय संपला. गरम माल पडतो म्हणून टब जाड घ्या आणि खालून आधार द्या, नाहीतर पोट सुटतं. तोवर आज रात्रीपासूनच जुन्या ट्रॉल्यांत जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. आणि ॲसेटिकचा मग फेकून मापाचं भांडं आणा, कारण पीएच ११ चा माल ड्रायरमध्ये गेला तर पिवळा पडेल आणि मग परत इथेच धागा काढाल.

जस्तभट्टी:

फ्रेम पुण्याला पाठवण्याआधी एक काम नक्की करा, यात हयगय नको. प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना भोकं पाडा, वर एक आणि खाली एक, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. आत पाणी किंवा बंद हवा राहिली तर ४५० अंशांच्या जस्तात ती फुटते, माणसं भाजतात. कुठलाही शहाणा गॅल्व्हनायझर भोकं नसलेला पाइप परत पाठवेल, आणि तुमचं जाण्यायेण्याचं भाडं बुडेल. जुना रंग, ग्रीस, वेल्डिंगची मळी साफ करून द्या, त्यावर जस्त धरत नाही. अँगल आणि पाइप यांच्या फटी पूर्ण वेल्डने बंद करा. माल परत आला की ओला थप्पी लावून ठेवू नका, पांढरा गंज धरतो. मध्ये लाकडी पट्ट्या घाला, हवा खेळू द्या.

जमलं तर फ्रेमच्या खालच्या भागावर गॅल्व्हनायझिंगवर इपॉक्सी मारा, पण गुळगुळीत जस्तावर थेट नाही. हलका ब्लास्ट (बारीक कणांचा मारा) किंवा एचिंग प्रायमर (जस्ताला किंचित खाऊन रंग धरून ठेवणारं अस्तर) आधी, नाहीतर पापुद्रे निघतील.

पांढरा_टॉवेल:

ठरलं तर. दोन ट्रॉल्यांना टब, दोघींना ३०४ चा तळ, आणि कोण टिकतंय ते बघतो. हायपोची ट्रॉली पूर्ण प्लास्टिकची. मगाच्या जागी मोजपात्र आलंय, पोरं कुरकुरतायत.

एक राहिलं: चाकांचं काय? त्यांच्या फोर्कलाही (चाक धरणारा चिमटा) तेच पिवळं प्लेटिंग आहे आणि तिथूनही पाणी ठिबकतं.

स्टील_इज_स्टील:

एसएस फोर्क आणि नायलॉन चाकाचे कास्टर (फोर्कसकट तयार चाकं) मिळतात, चारही तेच लावा. बेअरिंग सील्ड घ्या. उघड्या बेअरिंगचं ग्रीस त्या गरम पाण्यात वितळून फरशीवर येतं, ट्रॉलीतून खाली लोंबणारं टॉवेलचं टोक त्यातून घासत जातं, आणि तो काळा डाग ऑक्झॅलिकने निघत नाही.